सहा जणांचा पास

२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. मोठी इमारत बघायला जायचं. सगळ्यांनी, एकत्र, अप्पांना घेऊन.

सकाळी पेपरात चौकट आलीय – जुनं सरकारी भवन दुरुस्तीसाठी एक एप्रिलपासून बंद, किमान चार वर्षं. गेल्या वर्षापासून कुठे रविवारी लोकांना आत सोडायला लागले होते, तर लगेच बंद! मी चौकट मोठ्याने वाचली. अप्पा दाढी करत होते. "चार?" म्हणाले. मग अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "एकदा आत जाऊन यायला हवं होतं."

या माणसाने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आई गेली त्या दिवशीही मलाच म्हणत होते, मला काही नको, तू जेवून घे. आता वय ब्याऐंशी. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला चार वर्षं थांबा म्हणायला मी काही वेडी नाही.

चौतीस वर्षं अप्पांनी त्या इमारतीतली लिफ्ट चालवली. पितळी हँडलची, जाळीच्या दाराची. त्यामुळे त्या इमारतीबद्दल आमच्या घरात शेवटचा शब्द अप्पांचा. कोणता मंत्री रागावला की बुटाचं टोक आपटायचा, कोण लिफ्टमध्ये भाषण पाठ करायचं, कोणत्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात टाळ्या पडल्या – सगळं तोंडपाठ. नातेवाइकांत वाद झाला तर "अप्पांना विचारा", की मिटला.

मी तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं लावते. दोनशे चाळीस गाड्या रोज माझ्या कागदावरून सुटतात. सहा माणसं एका इमारतीत न्यायची, त्यात काय एवढं!


४ फेब्रुवारी, मंगळवार

फोन केले. धाकटा भाऊ – "ताई, तू म्हणशील तसं." हे तो लहानपणापासून म्हणतो आणि मग स्वतःला हवं तेच करतो. पण गाडीचं बघतो म्हणालाय. भावजय तयार. त्यांची लेक तर आजच चालत निघाली असती. दहा वर्षांची आहे, दिवसाला दोनशे प्रश्न. घरात तिला शंकासुरच म्हणतात.

मावशी म्हणाली, "येते गं, पण जिने असतील तर मला तिथेच सोडून या." मग अर्धा तास स्वतःचे गुडघे सांगत बसली. अप्पांचे गुडघे तिच्यापेक्षा वाईट, पण ते बोलत नाहीत म्हणून कुणाला कळत नाही.

धाकटा म्हणाला, गाइडचे पैसे कशाला घालवायचे? अप्पा असताना गाइड म्हणजे घरात विहीर असून पाणी विकत आणायचं. पटलं. यादीतून गाइड खोडला.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

पासाच्या खिडकीवर जाऊन आले. एका पासावर सहा माणसं – आम्ही बरोबर सहा. शेवटच्या रविवारचा, तीस मार्चचा पास मिळाला. त्याआधीचे सगळे संपले होते. म्हणजे संधी एकच. एकच पुरते मला.

पासाच्या मागे तेवीस नियम छापलेत. सगळे वाचले. लोक वाचत नाहीत आणि मग दारात हुज्जत घालतात. नियम सहा – अभ्यागतांनी जिन्याचा वापर करावा. तिसऱ्या मजल्यापर्यंत एकशे बारा पायऱ्या.

घोडं पेंड खातंय ते इथे. अप्पांना आमच्याच घराच्या आठ पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागतं.


८ फेब्रुवारी, शनिवार

अर्धी सुट्टी टाकून इमारतीत गेले. पहारेकरी भला माणूस. म्हटलं, लिफ्ट बंद पडलीय का? म्हणाला, "छे हो ताई, महिन्याला तेलपाणी होतं तिचं. माणूस नाही." लिफ्टचालकांच्या जागा रद्द झाल्या तेव्हापासून ती तळमजल्यावर कुलपात आहे. नियम सात – प्रमाणित चालक असेल तरच लिफ्ट चालेल. आणि असा चालक आता कुणी उरला नाही, असं पहारेकऱ्याचं म्हणणं.

मी तिथेच हसत सुटले. त्याला वाटलं असेल, बाई बिघडली. एक चालक माझ्या घरी आरामखुर्चीत बसून रेडिओ ऐकत होता!


९ फेब्रुवारी, रविवार

ट्रंकेतून अप्पांचं प्रमाणपत्र काढलं. कडा पिवळ्या, शिक्का शाबूत. त्यावर मुदतच नाही – त्या काळी घालतच नसत. म्हणजे अप्पा आजही प्रमाणित चालक आहेत.

अप्पांना अजून सांगितलं नाही. आधी मंजुरी, मग गाजावाजा.


१२ फेब्रुवारी, बुधवार

अर्ज दिला. एक पान, चार मुद्दे, सोबत प्रमाणपत्राची प्रत आणि डॉक्टरांचा दाखला. इमारतीची देखरेख एक तरुण अधिकारी बघतो. अर्ज वाचून त्याने चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ लिफ्ट चालवणार?" मी म्हटलं, "हँडल धरायला गुडघे लागत नाहीत." लिफ्ट निरीक्षकांना विचारतो म्हणाला.

विचार बाबा. मी पण बघते कसं नाही म्हणतात ते.


२० फेब्रुवारी, गुरुवार

मंजुरी!! कागद हातात आहे. "दि. ३० मार्च रोजी सदर गटाकरिता निवृत्त लिफ्टचालक हे चालक म्हणून काम पाहतील. नियम ७ व ८ लागू राहतील." खाली सही-शिक्का.

डेपोत सगळ्यांना दाखवला. साहेब म्हणाले, तुम्ही सरकारकडून नियमाबाहेरचं काम करून आणलंत. मी म्हटलं, नियमाबाहेरचं नाही, नियमातलंच. फरक आहे.

घरी येऊन कागद अप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा शोधला, बराच वेळ वाचत राहिले. "म्हणजे लिफ्ट मी चालवायची?"

"तुम्ही नाही तर कोण?"

"बरं," म्हणाले. जरा वेळाने विचारलं, "माझा खाकी कोट आहे का गं अजून?" कोट होता. एक बटण गेलेलं, ते लावून दिलं. आज मी स्वतःवर जाम खूश आहे. असायलाच हवं.


२३ फेब्रुवारी, रविवार

शंकासुर आली होती. शाळेत 'माझ्या आजोबांचं काम' असं काहीतरी करायचंय. एवढा मोठा पुठ्ठा घेऊन आली, अप्पांच्या पायाशी बसली आणि सुरू झाली. पहिल्या मजल्यावर काय आहे? दुसऱ्या? तिसऱ्या? अप्पा सांगत होते, ती काढत होती. मी स्वयंपाकघरात ऐकत होते.

"सभागृहाचं छत कोणत्या रंगाचं आहे, आजोबा?"

"ते तू बघशीलच की."

"खुर्च्या आहेत की बाकं?"

"तिथे गेल्यावर मोज तू."

मला वाटलं, पोरीला गंमत म्हणून झुलवतायत. मग ती पुठ्ठा दाखवायला आत आली. प्रत्येक मजल्याचा एक अरुंद उभा तुकडा. पहिला मजला – समोर पाण्याचं पिंप, त्यावर घड्याळ. दुसरा – एक बाक, एक बंद खिडकी. तिसरा – मोठ्या दाराची डावी बाजू, आणि उजवीकडे जाडजूड खांब. बाकी पुठ्ठा सगळा कोरा.

"आत्या, आजोबा म्हणाले एवढंच काढ. बाकीचं तिथे गेल्यावर."

लिफ्टचं दार जेवढं रुंद, तेवढाच प्रत्येक तुकडा. मी पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून तो पुठ्ठा बघत राहिले.


२४ फेब्रुवारी, सोमवार

डेपोत आज दोन गाड्यांना एकाच वेळी एकच फलाट दिला. तीस वर्षांत पहिल्यांदा.


२५ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी चहा दिला आणि समोर बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. सरळ विचारलं – "अप्पा, तुम्ही सभागृह आतून पाहिलंय का?"

त्यांनी बशीत चहा ओतला. प्यायले. "नाही," म्हणाले.

चौतीस वर्षं! मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाले, "चालकाने लिफ्ट सोडायची नाही. घंटा कधीही वाजते. डबासुद्धा स्टुलावर, लिफ्टमध्येच. सुट्टीला इमारत बंद. आणि सभागृह मोकळं असलं की त्याला कुलूप." जराही तक्रारीचा सूर नाही. पाऊण वाक्यात माणसाने आपली नोकरी सांगून टाकली.

"आवाज यायचा," म्हणाले. "टाळ्या, भांडणं. एकदा सगळे एकदम हसले होते. काय झालं असेल, असं वाटायचं." मग निवृत्तीच्या दिवसाचं सांगितलं. मोठे साहेब स्वतः लिफ्टपाशी आले, म्हणाले, चला, आज तुम्हाला आत खुर्चीवर बसवून चहा पाजतो. अप्पांनी एक पाय बाहेर टाकला आणि दुसऱ्या मजल्यावरून घंटा वाजली. "गेलो मग खाली."

म्हटलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? म्हणाले, "मी कधी पाहिलं असं म्हटलंच नाही. तुम्हीच धरून चाललात." खरंय. आम्ही विचारलंच नव्हतं. आठवून बघितलं – त्यांच्या प्रत्येक गोष्टीत लिफ्ट आहे, किंवा लिफ्टमधून ऐकलेलं आहे. आमच्याकडे ड्रायव्हर असतात, वीस वर्षं एकाच मार्गावर. प्रत्येक थांबा माहीत, पण एकाही थांब्यावर उतरलेले नसतात. मला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं. मी स्वतःला हुशार समजते.

धाकट्याला सांगणार नाही. कुणालाच नाही. अप्पांचा शब्द घरात शेवटचाच राहील. पण ते आत जाणार, तीस तारखेला. खुर्चीवर बसणार.


२६ फेब्रुवारी, बुधवार

नियम आठ वाचला. म्हणजे पुन्हा वाचला. "अभ्यागत वरच्या मजल्यांवर असेपर्यंत चालकाने लिफ्ट सोडू नये."

माझ्याच अर्जाने, माझ्याच सहीने, मी अप्पांना परत लिफ्टमध्ये उभं केलंय. आम्ही सगळे आत जाऊन छत बघणार, आणि अप्पा जाळीच्या दारातून तो खांब. पस्तिसावं वर्ष.

आणि त्यांना हे माहीत होतं. कागद वाचतानाच कळलं असणार, नियम त्यांना माझ्यापेक्षा पाठ आहेत. तरी "बरं" म्हणाले आणि कोट मागितला. मला रडू आलं. आणि रागही आला, आधी स्वतःचा, मग त्यांचा.

विचारलं तर म्हणाले, "एवढी खुशीत होतीस. आणि लिफ्ट चालवायला मला आवडेलच की."


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अधिकाऱ्याकडे गेले. म्हटलं, दहा मिनिटं पहारेकरी लिफ्टपाशी उभा राहील. नाही. तुम्ही उभे राहा. नाही. "मॅडम, प्रमाणित चालकच हवा. आग लागली तर?" त्याचं चुकत नाही. मीही वाहकाला गाडी चालवू देणार नाही.

"मग दुसरा प्रमाणित चालक आणला तर?"

"कुठून आणणार?"

"व्हायला काय लागतं?"

त्याने कपाट उघडून जुनी फाइल काढली, धूळ झटकली. जुन्या चालकाच्या हाताखाली पाच दिवस सराव, मग निरीक्षकांसमोर चाचणी. वयाची अट नाही. स्त्री-पुरुष असा उल्लेख नाही – तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नसणार.

मी म्हटलं, अर्जाचा कागद द्या. घरी शिकवणारा आहे.


३ मार्च, सोमवार

पाच दिवस रजा. साहेबांनी कारण विचारलं. "लिफ्ट शिकायचीय." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

अप्पांना सांगितलं तेव्हा आधी हसले. नंतर म्हणाले, "मग तुला आत जाता येणार नाही." मी म्हटलं, मला काय करायचंय खुर्च्या-बाकं बघून! ते म्हणाले, उद्या सात वाजता तयार राहा. आवाज वेगळाच होता.


४ मार्च, मंगळवार

अप्पा कोट घालून आले. लिफ्टचं कुलूप काढल्यावर त्यांनी आधी हँडल पुसलं, मग स्टूल, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बांगड्या काढ. आणि एक सांगतो – इथे मी तुझा बाप नाही."

खरंच नव्हते. घरी सात्त्विक, इथे फौजदार. "जाळी आधी. जाळी आधी! हँडल नंतर." लिफ्ट मजल्याशी बरोबर समतल थांबवायची, हीच सगळी कला. हँडल मजल्यावर पोचल्यावर सोडायचं नाही, थोडं आधी सोडायचं. किती आधी? "ते हाताला कळतं." माझ्या हाताला काही कळलं नाही. पहिल्यांदा वीतभर वर थांबवली, मग चार बोटं खाली. त्यांनी काठीने फट दाखवली आणि म्हणाले, "इथे पाय अडकून मंत्री पडला तर?"

सभागृहाला कुलूप होतं. तिसऱ्या मजल्यावर जाळीतून बघितलं. अर्धं दार आणि खांब. पुठ्ठ्यावर होतं अगदी तसंच.


५ मार्च, बुधवार

तीन बोटं. हात भरून आलाय. लिहवत नाही.


६ मार्च, गुरुवार

दोन बोटं खाली, एकदा एक. अप्पा स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकतात. लिफ्ट थांबली की न बघताच सांगतात, "दीड." मोजलं तर दीड!

तळमजल्यावर घंटा वाजली की कितीही घाई असली तरी आधी हो म्हणायचं – वरून ओरडून, "आले". समोरच्याला कळतं की कुणीतरी आहे. हे पुस्तकात नाही, अप्पांचं स्वतःचं आहे.

आज म्हटलं, उद्या तुम्ही खाली बसा, मी एकटी वर जाऊन येते. म्हणाले, नाही. पहिल्या दिवशी नव्या माणसाला लिफ्टमध्ये एकटं सोडायचं नाही. त्यांच्या उस्तादांनी त्यांना सोडलं नव्हतं. मी म्हटलं, आज तिसरा दिवस आहे. म्हणाले, "सराव धरत नाहीत. पहिला दिवस म्हणजे खरी माणसं घेऊन."


८ मार्च, शनिवार

सराव संपला. सोळा फेऱ्यांपैकी बारा समतल. उस्ताद म्हणाले, "चालेल." एवढ्यावर मी दिवसभर तरंगते आहे.


१४ मार्च, शुक्रवार

पास झाले! निरीक्षक तोंडातून शब्द न काढणारे गृहस्थ. तिसऱ्या मजल्यावर फटीत पट्टी घालून बघितली, ती गेलीच नाही. प्रमाणपत्रावर 'श्री.' छापलेलं होतं, ते खोडून हाताने 'श्रीमती' केलं. अप्पांनी त्यांचं जुनं आणि माझं नवं शेजारी शेजारी ठेवून दोन्ही परत परत बघितली.

गाइड परत यादीत घातला. धाकट्याला सांगितलं, अप्पांना बोलून बोलून दम लागतो. पटलं त्याला.


२९ मार्च, शनिवार

सगळं तयार. नऊ चाळीसला गाडी. दहा दहाला दार. साडेदहाला तिसरा मजला. चाळीस मिनिटं सभागृह. मावशीला सांगितलंय, लिफ्टमध्ये गुडघ्यांवर बोलायचं नाही, चालकाचं लक्ष विचलित होतं. अप्पांनी कोट नको म्हणून सांगितलं, पांढरा शर्ट घालणार आहेत. पाहुणे म्हणून.

माशी शिंकायला आता जागाच ठेवली नाही मी.


३० मार्च, रविवार

झालं. जसं ठरवलं होतं तसं, मिनिटाला मिनिट. नीट लिहून ठेवते.

अप्पांना समोरच्या मोठ्या दाराने आत नेलं. कामावर असताना ते मागच्या दाराने येत. पहारेकऱ्याने त्यांना सलाम ठोकला, तर अप्पांनी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. धाकटा फोटो काढत होता. शेवटचा रविवार म्हणून गर्दी बरीच, पन्नास-साठ माणसं.

सहा जण लिफ्टमध्ये. जाळी आधी. मावशी डोळे मिटून उभी. तिसऱ्या मजल्याशी हँडल सोडलं – समतल. एक केसही फरक नाही. मी अप्पांकडे बघितलं, ते फटीकडे बघत होते. मान हलवली, एवढंच. मग सगळे उतरले. अप्पा शेवटी. काठी टेकत, पांढरा शर्ट, खांबाच्या बाजूने वळले आणि दिसेनासे झाले. मी जाळी धरून उभी. गेले. आत गेले. माझे डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

चाळीस मिनिटं मी स्टुलावर. गाइडचा आवाज घुमत होता, शब्द कळत नव्हते. एकदा सगळे हसले. काय झालं असेल, असं वाटलं. वाटल्यावर अंगावर काटा आला.

मध्येच घंटा. तळमजला. माझी पहिली घंटा, आणि मी एकटी! "आले," असं ओरडले आणि निघाले. खाली तो तरुण अधिकारी. "बघावं म्हटलं, कसं चाललंय." त्याला वर आणलं. एक बोट खाली थांबली, त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. खांबाच्या बाजूने काठीचा टक असा आवाज आल्यासारखा वाटला. आत लाकडाची जमीन आहे, घुमत असेल.

अप्पा सगळ्यांच्या आधी बाहेर आले, एकटेच. विचारलं, "कसं आहे?"

"मोठं आहे," म्हणाले. "फार मोठं."

मग जाळी सरकवून आत आले, माझ्या हातावरून हात नेऊन हँडल धरलं. "जा. दहा मिनिटं. बघून ये. मी उभा आहे." खिशात प्रमाणपत्र होतं, त्यांनी थोपटून दाखवलं. मी या वेळापत्रकात ही फेरी लावलेली नव्हती. ती त्यांनी लावली होती.

गेले आत. बाकं आहेत, खुर्च्या नाहीत, नालाच्या आकारात, हिरव्या चामड्याची. छत काचेचं, त्यातून ऊन खाली जमिनीवर पडतं, आणि माणसं त्यातून चालत जातात. तिसऱ्या रांगेत एका कडेच्या जागेवर बसले. अप्पा असेच कडेला बसले असतील, असं वाटलं. गुडघ्यांना बरं. पोट भरून बघितलं. चौतीस वर्षांचं आज एकदाचं फिटलं.

येताना गाडीत धाकटा म्हणाला, "अप्पा, कुठे बसला होतात? दिसलाच नाहीत." "मागे," म्हणाले अप्पा आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मग डुलकी लागली. शंकासुर कधी नव्हे ती गप्प होती. दमली असेल.

आयुष्यात अनेक वेळापत्रकं लावली. हे सगळ्यात चांगलं.


२ एप्रिल, बुधवार

इमारत काल बंद झाली. आज शंकासुर पुठ्ठा पूर्ण करून घेऊन आली – काचेचं छत, बाकं, मावशी, आई-बाबा, जाळीत मी. दाराबाहेर, खांबाच्या पलीकडे, काठी टेकून एक माणूस. पांढरा शर्ट. हे कोण गं? म्हटलं. "आजोबा. ते सगळा वेळ तिथेच होते. तुला सांगू नको म्हणाले होते. चित्रात काढू नको असं नव्हते म्हणाले." मी विचारलं, आत का नाही आले? ती खांब रंगवत होती, मान वर न करताच म्हणाली, "पहिल्या दिवशी नव्या माणसाला एकटं सोडायचं नसतं, आत्या."